पंचेचाळीस गोट्यांची साखर

जगात सपाट असं काहीही नाही, या एका गोष्टीवर आमच्या दादाच्या मित्राचा जितका विश्वास होता, तितका दुसऱ्या कुणाचा देवावरसुद्धा मी पाहिलेला नाही. पृथ्वी गोल आहे हे सगळेच मानतात आणि मानून विसरून जातात. यांचं तसं नव्हतं. पाण्याचा थेंब दिसला की यांना त्याच्या आतल्या रेणूचे दोन हात दिसायचे, शेणाच्या खड्ड्यावर बुडबुडा आला की त्यातल्या वायूचे चार हात दिसायचे, आणि समोर माणूस आला की त्याचे हात खांद्यापासून किती अंशांत लोंबताहेत ते दिसायचं. माणसाचं तोंड मात्र बरेचदा दिसायचं नाही. त्यामुळे रस्त्यात भेटलेल्या निम्म्या लोकांना ते ओळख देत नसत आणि उरलेल्या निम्म्यांना भलत्याच नावाने हाक मारत. हिंगणघाटच्या एका हायस्कुलात ते रसायन शिकवायचे. मूळचे अल्लीपूरचे, नागपूरला राहून बी.एस्सी. झालेले. गावाकडे थोडीशी शेती आणि एक म्हातारी आई, एवढाच त्यांचा पसारा. आमचा दादा कापडाच्या गिरणीत कारकून होता आणि त्यांच्या खोलीशेजारच्या खानावळीत चहाला जायचा, तिथून तो त्यांना एक दिवस घरी घेऊन आला. वडील गेल्यापासून आमच्या घरी आई, दादा आणि मी एवढेच. मी मॅट्रिक होऊन मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. पन्नास-बावन्न सालच्या सुमाराची ही गोष्ट.

गावात त्यांना काडीमास्तर म्हणत, आणि ते नाव त्यांनी कष्ट करून मिळवलेलं होतं. दिसेल त्या गोल वस्तूत काडी खुपसल्याशिवाय त्यांना राहवत नसे. बोरं, लिंबं, बटाटे, ओल्या मातीचे गोळे, काही म्हणून सुटत नसे. काड्या ते खराट्याच्या घेत, आणि खराटा बहुतेक वेळा आमचा असे. ते घरी यायला लागल्यापासून वर्षभरात आमच्या अंगणातला खराटा इतका रोडावला की आईने झाडता झाडता एकदा त्याच्याकडे पाहून हात जोडले. त्यांची पहिली संक्रांत मला अजून आठवते. आईने तिळाचे लाडू ताटलीत घालून त्यांच्यापुढे ठेवले. दादाचा लाडू खाऊन झाला, दुसरा झाला, तरी यांची ताटली तशीच. पाहते तर मधोमध एक मोठा लाडू, त्यात चार बाजूंना चार काड्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला एकेक छोटा लाडू. आई म्हणाली, "मास्तर, खायाचे आहेत ते, खेळाचे नाई." ते म्हणाले, "खातो ना जी. पण पहिले पाहून तर घ्या, याले मिथेन म्हणतात." मग त्यांनी तो मिथेन सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवला. कसाही टेकवला तरी तो तीन पायांवर उभा राहायचा आणि चौथा हात आभाळाकडे करायचा. आईला ते आवडलं असावं, कारण तिने त्यांना आणखी लाडू दिले आणि काड्या काढून खायची सक्त ताकीदही दिली.

कोन मोजायला त्यांना पट्टी-कोनमापक लागत नसे. घराचं छप्पर, बैलाची शिंगं, वाळत घातलेल्या धोतराचा झोळ, सगळ्यांचे अंश ते चालता चालता सांगायचे. आणि गंमत अशी, की ज्याला जगातले सगळे कोन कळत होते त्या माणसाच्या सदऱ्याचं एकही बटण समोरच्या काजात गेलेलं नसे, आणि त्यांच्या खोलीतलं एकुलतं एक कॅलेंडर खिळ्यावर वाकडं लटकत असायचं. एकदा नागपूर रस्त्यावर ते दादाला पाण्याचा रेणू समजावत होते. त्यांच्या मते डोकं म्हणजे ऑक्सिजन आणि दोन हात म्हणजे दोन हायड्रोजन. ते दोन्ही हात वर करून, अगदी एकशे साडेचार अंशांचा कोन जमेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहिले. नागपूरची मोटार करकचून थांबली. कंडक्टरने विचारलं, "कुठी जायाचं?" हात खाली न घेता मास्तर म्हणाले, "कुठी नाई जी. हा पाण्याचा कोन आहे." कंडक्टर म्हणाला, "पाणी स्टँडवर भेटते. इथं काऊन गाडी थांबवली?" दादा घरी येऊन सांगत होता की आपण तेवढ्यात शेजारच्या पानठेल्यावर जाऊन उभे राहिलो आणि हा माणूस आपल्या ओळखीचा नाही असा चेहरा केला. मोटार गेल्यावर मास्तरांनी त्याला तिथेच गाठून उरलेला धडा पूर्ण केला.

शाळेत त्यांचं भांडण फळ्याशी होतं. फळा सपाट, खडूची रेघ सपाट, पुस्तकाचं पान सपाट, आणि त्यावर काढलेला मिथेन म्हणजे एक फुली. मधे एक अक्षर आणि वर, खाली, उजवीकडे, डावीकडे चार रेघा. ही फुली मुलांच्या डोक्यात गेली की मेल्याशिवाय निघत नाही, असं ते पोटतिडकीने सांगायचे. म्हणून ते फळा सोडून मुलांनाच कामाला लावत. एका मुलाला टेबलावर उभं करायचं, तो वरचा हात. बाकीच्या तिघांनी टेबलाच्या पायांशी तीन दिशांना उताणं पडायचं, ते खालचे तीन हात. आणि मधला कार्बन म्हणून मास्तर स्वतः टेबलाखाली. अशा अवस्थेत हेडमास्तरांनी त्यांना एकदा पाहिलं. हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "मास्तर, परीक्षेतला कागद सपाट असतो." टेबलाखालून उत्तर आलं, "कागद सपाट आहे साहेब, त्याले मिथेन काय करीन?" नोकरी कशी टिकली हे मला ठाऊक नाही. निकाल चांगला लागायचा म्हणून टिकली असेल.

लाडू-बटाट्यांनी भागेनासं झालं तेव्हा त्यांनी सुतार गाठला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघर नेतात. हे बैल करणारा एक सुतार बाजारात बसायचा. ऐन तान्ह्या पोळ्याच्या घाईत मास्तर त्याच्याकडे लाकडी गोट्या मागायला गेले. नुसत्या गोट्या नाहीत, भोकं पाडलेल्या, आणि भोकंही ठरावीक कोनांत. सुतार म्हणाला, "मास्तर, याले चाकं कुठी लावू?" "चाकं नाई लावाचे." "मंग पोट्टे ओढतीन कसे?" "ओढाचं नाई, पाहाचं." सुताराने नाइलाजाने गोट्या करून दिल्या. मास्तरांनी प्रत्येक भोकात काडी घालून, एक डोळा मिटून पाहिलं आणि दोन अंशांचा फरक आहे म्हणून निम्म्या परत केल्या. सुतार कळवळून म्हणाला, "दोन अंशानं काय होते जी, बैल तर उभा राह्यते ना." यावर मास्तरांनी त्याला दोन अंशांनी काय होतं ते इतका वेळ समजावलं, की समोर उभी असलेली गिऱ्हाइकं बैल न घेताच निघून गेली. त्या दिवसापासून सुतार त्यांना लांबून पाहिलं की आधी रंधा खाली ठेवायचा.

त्या गोट्या रंगवायचं काम माझ्याकडे आलं. कार्बन काळा, ऑक्सिजन तांबडा, हायड्रोजन पांढरा, असा त्यांचा नेम होता. कोळशाची पूड डिंकात खलली की काळा व्हायचा, पांढऱ्याला चुना होता, आणि तांबड्यासाठी मी कुंकवाचा करंडा उघडला तेव्हा आईने तो माझ्या हातातून काढून घेऊन गेरूचा खडा दिला. दुपारची शाळा सुटली की मी ओसरीवर बसून गोट्या रंगवायची आणि ते समोर बसून वाळलेल्या गोट्या जोडायचे. ते मला नावाने कधीच हाक मारत नसत. ताई म्हणाले नाहीत याबद्दल मी तेव्हाच देवाचे आभार मानले होते. त्यांचं सगळं बोलणं "हे पाय", म्हणजे हे बघ, इथून सुरू व्हायचं, आणि ते "हे पाय" फक्त माझ्यासाठी आहे असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

एका दुपारी मी त्यांना म्हणाले, "पुस्तकात तर फुलीच आहे. मले फुलीच दिसते." ते चिडले नाहीत. त्यांनी नुकताच जोडलेला एक मिथेन माझ्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाले, "डोळे मीट. आता हात फिरव." मी डोळे मिटले. एका गोटीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, बोटं जात राहिली. कुठूनही निघालं तरी तेवढंच अंतर, तेवढाच उतार. वर-खाली, उजवं-डावं असं काही उरलंच नाही. माझ्या हातात फुली नव्हती, एक भरीव, सगळीकडून सारखी अशी गोष्ट होती. ते सांगत होते, "चौघांले एकमेकाची दाटी नको वाटते. पण मधल्याले सोडून जाताही येत नाई. मंग ते जेवढं दूर सरकता येते तेवढं सरकतात, अन् असे होऊन बसतात." मी डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे पाहत होते. कोनाकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे. ज्यांना माणसाचं तोंड दिसत नसे त्यांना माझं दिसलं, आणि ते त्यांचं त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी घाईघाईने चुन्याच्या वाटीत हात घातला. मला या माणसाशी लग्न करायचं होतं. दुसऱ्या कशाचीही इच्छा मला त्या वयात इतकी स्वच्छ झालेली आठवत नाही.

आईला ते माझ्याआधी कळलं होतं म्हणायला हरकत नाही. दिवाळी झाली, बाजारात कापसाच्या बैलबंड्या यायला लागल्या, आणि एक दिवस तिने मास्तरांना चहा देता देता सरळ सांगितलं, "मास्तर, पोरगी तुमच्या पाहण्यातली आहे. तुमच्या आईले विचारा अन् साखर घेऊन या." आमच्यात रीत अशी, की मुलाकडच्यांनी साखरेचा पुडा आणून मुलीच्या आईच्या हातात दिला की सोयरीक पक्की. तोवर मुलीकडच्यांनी गप्प बसायचं. आईने एवढं बोलून दाखवलं हेच रीतीच्या बाहेरचं होतं, आणि त्यापुढे "कधी आणता" असं विचारणं तर तिच्याकडून मरेपर्यंत झालं नसतं. मास्तरांचे कान तांबडे झाले. चहा तसाच ठेवून ते उठले आणि म्हणाले, "आणतो. चांगली आणतो." जाताना दादाच्या चपला घालून गेले. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. मला वाटलं, फार तर येत्या गुरुवारी येतील.

गुरुवार आला आणि गेला. पुढचाही गेला. मास्तर घरी यायचे कमी झाले, आले तरी गोट्यांचा विषय नाही, साखरेचा तर नाहीच. सुतार दादाला बाजारात म्हणाला, की काडीमास्तरांनी पुन्हा गोट्यांचा सपाटा लावला आहे. आईला वाटलं, साखर रेशनवर मिळते, एकट्या माणसाचं कार्ड ते केवढं, पुड्यापुरती साखर जमत नसेल आणि सांगायची लाज वाटत असेल. मग तिने काय केलं, तर आपल्या डब्यातली साखर कागदात बांधली, वर दोरा गुंडाळला, आणि दादाबरोबर मास्तरांच्या खोलीवर पाठवून दिली. म्हणजे आमचीच साखर त्यांनी आम्हांला आणून द्यायची, गावात कुणाला कळायचं कारण नाही. दादा पुडा टेबलावर ठेवून काही न बोलता परत आला. काही दिवसांनी मास्तर हसत हसत आले आणि खिशातून एक दोरा काढून त्यांनी आईसमोर धरला. दोऱ्याला खडीसाखरेचे टपोरे खडे लागलेले. "तुमची साखर लय कामी आली जी. हे पैलू पाहा. खडा लहान असो का मोठा, पैलूंमधले कोन तेच. आतली मांडणी तेच असते ना, म्हणून." आईने खडे पाहिले, मास्तरांकडे पाहिलं आणि ती आत आली. मला म्हणाली, "पुडा बांधून देल्ला होता. यानं खडे करून आणले."

त्यानंतर ते मला एकदा भाजीबाजारात भेटले. त्यांच्या काखेत एक जाडजूड पुस्तक होतं आणि डोळे जागरणाने सुजले होते. मला पाहिल्यावर ते थांबले. "हे पाय, मी विसरलो नाई. येऊन राह्यलो." मी विचारलं, "कधी?" "नीट झालं की." "काय नीट होयाचं राह्यलं?" यावर ते इतकं सुंदर हसले की मला त्यांच्या काखेतलं पुस्तक ओढून नालीत टाकावंसं वाटलं. म्हणाले, "ते तुले मंग दिसन." बस, एवढंच. या एवढ्या बोलण्यावर मी सगळी थंडी काढली. आईला जाऊन सांगितलं, ते येणार आहेत, नीट झालं की येणार आहेत. आई म्हणाली, "साखर आणाले नीट होयाचं काय असते? दुकानदार देते, आपण घेतो."

दादाचा धीर सुटला तो रविवारांमुळे. मास्तर दर रविवारी सकाळच्या मोटारीने नागपूरला जातात आणि संध्याकाळी परततात, असं त्याला खानावळीत कळलं. शिकलेल्या, कमावत्या, बिनलग्नाच्या माणसाला नागपूरला दर रविवारी काय काम असतं, याचा हिंगणघाटात एकच अर्थ निघत होता. त्याच सुमाराला आर्वीहून स्थळ आलं. मुलगा तहसिलीत नोकरीला, घरचं चांगलं, मुलाचे मामा स्वतः येऊन पसंती सांगून गेले. आई म्हणाली, थोडं थांबू. दादा म्हणाला, "किती थांबाचं, आई? त्याले यायाचं असतं तर आला असता. त्याच्या खोलीवर दोनदा गेलतो, कुलूप होतं." आईने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुह्यं काय म्हणणं आहे?" त्या काळी मुलीला हे विचारणारी आई मिळणं म्हणजे नशीब होतं. मी म्हटलं, "ते येतीन." "कधी?" आईने विचारलं. त्याचं उत्तर होतं एका वेड्या माणसाकडे, आणि तो नागपूरच्या मोटारीत बसलेला होता.

माझा साखरपुडा आर्वीच्या लोकांशी झाला. दाराला आंब्याची पानं, अंगणात सडा, ओसरीवर सतरंज्या आणि त्यांवर वीस-पंचवीस माणसं. मामांनी आईच्या हातात साखरेचा पुडा दिला, मला कुंकू लागलं, आणि वाटीतली साखर माणसांमधून फिरायला लागली, तेवढ्यात बाहेर बंडी थांबली. अल्लीपूरचा रस्ता त्या दिवसांत कापसाच्या बंड्यांनी गच्च असायचा. त्या रांगेतून ही एक बंडी आली होती. तिच्यात कडब्यावर मास्तरांची आई बसली होती, नवं लुगडं नेसून, आणि तिच्या मांडीवर पांढऱ्या धोतराने झाकलेलं काहीतरी मोठं होतं. मास्तर बैलांच्या पुढे चालत होते, रस्त्यातले खड्डे बघायला, म्हणजे मांडीवरच्या वस्तूला हिसका बसू नये. पाय गुडघ्यांपर्यंत धुळीने माखलेले, सदऱ्याची बटणं मात्र सगळी जागच्या जागी. एवढं एकच मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी दाराची पानं पाहिली, सडा पाहिला, आणि वळून आईला म्हणाले, "पाय आई, यायनं किती तयारी केली आपल्यासाठी."

दारात उभ्या असलेल्या कुणीतरी त्यांच्या हातावर साखर ठेवली. "घ्या मास्तर, तोंड गोड करा. पोरीचं जमलं आर्वीले." ते हातावरच्या साखरेकडे पाहत राहिले. म्हातारीला आधी समजलं. तिच्या हातात नारळ होता, तो तिने पदराखाली घेतला. दादा उठून पुढे गेला. मामा प्रेमळ माणूस होते, ते म्हणाले, "या की मास्तर, बसा. हे काय आणलं झाकून?" मास्तरांनी साखर तोंडात टाकली, हात धोतराला पुसला आणि आईच्या मांडीवरची ती वस्तू दोन्ही हातांनी उचलून ओसरीवर, सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवली. तिच्यावर झाकलेलं धोतर बाजूला केलं. काळ्या, तांबड्या, पांढऱ्या गोट्यांची एवढी मोठी, एवढी देखणी वस्तू त्यांनी आधी कधी केली नव्हती. मामांनी विचारलं, "हे काय?" मास्तर म्हणाले, "साखर."

लोक हसले. मास्तरही हसले, आणि मग बोलायला लागले. आयुष्यात इतकं चांगलं त्यांनी कधी शिकवलं नसेल. सतरंजीवर गुडघे टेकून त्यांनी आर्वीच्या पाहुण्यांना साखरेची एकेक गोटी दाखवली. पंचेचाळीस गोट्या, त्यांतल्या बारा काळ्या, अकरा तांबड्या, बाकीच्या पांढऱ्या. इकडे एक कडं, तिकडे एक कडं, आणि दोघांना धरून ठेवणारा मधला एकच तांबडा. मग ते एका कड्यापाशी थांबले आणि पहिल्यांदाच माझ्या आईकडे वळून म्हणाले, "एवढ्यासाठी अडलो होतो जी. एका पुस्तकात हे कडं सहा कोनांचं आहे, दुसऱ्यात पाच कोनांचं. कोणतं खरं ते समजेना. नागपूरच्या कॉलेजात दर आयतवारी जाऊन पुस्तकं पालथी घातली, तवा समजलं, पाचाचंच आहे. चुकीची साखर कशी आणू जी तुमच्या घरी?" आईने पदर तोंडाला लावला. पाहुण्यांना वाटलं, तिला हसू आवरत नाही.

मामांनी कौतुकाने विचारलं, "अन् हे तोडलं तर?" मास्तर म्हणाले, "तुटते ना. तुम्ही पाकात लिंबू पिळता, तवा हेच होते. मधी पाण्याचा एक रेणू शिरते अन् हे दोघं वेगळे होतात. एक इकडे, एक तिकडे. पण गोडी कमी नाई होत. पुस्तकात लिहून आहे, उलट थोडी वाढते." बोलताना ते त्या मधल्या तांबड्या गोटीवरची धूळ बोटाने पुसत होते. म्हातारी तोवर माझ्याजवळ येऊन बसली होती. तिने पदराखालचा नारळ काढून माझ्या ओटीत घातला आणि म्हणाली, "आणलेला वापस काऊन नेऊ, बाई." मग दोघं उठून बंडीत बसले. म्हातारीची मांडी आता रिकामी होती, खड्डे बघायची गरज नव्हती, म्हणून मास्तरही आत बसले, आणि बंडी बरीच भरभर गेली.

पुढच्या वर्षी ते हिंगणघाट सोडून कुठल्याशा दूरच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून गेले असं दादा सांगायचा. लग्न केलं की नाही, ते आम्हांला कळलं नाही. आर्वीला माझा संसार चांगला झाला. नवरा समजूतदार होता, मुलं झाली, शिकली, कशाला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हे मी मनापासून सांगते. मुलगा कॉलेजात गेला तेव्हा मी त्याच्या रसायनाच्या पुस्तकातलं ते पान शोधून काढलं. मास्तर म्हणाले होते तसंच होतं. एक कडं सहाचं, एक पाचाचं, आणि वेगळे झाल्यावर गोडी थोडी वाढते, तेही खरं. ते कधी चुकीचं सांगत नसत. पण ते आज कुठे भेटले, आणि माझं तोंड पाहून त्यांना ओळख पटली, तर मी त्यांना सांगणार आहे: साखरेचं तसं असेल, मास्तर. माझी नाही वाढली.